सत्तर टक्के ओल

सुखदेवराव रोज सकाळी अंघोळ झाली की सिगार चाचपत. ओढत नसत, नुसत्या चाचपत. उघड्या अंगानं सागाच्या पेटीपुढे उकिडवं बसायचं, एकेक सिगार उचलायची, कानाशी नेऊन दोन बोटांत हलकेच दाबायची आणि तान्ह्या पोरासारखी परत निजवायची. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कुंपणावरून विचारलं, "काय म्हणते?"

"थकली हाय," ते गंभीरपणे म्हणाले. "दुबईहून आली, मास्तर. परवास का कमी झाला? आराम करू द्या तिले."

मी जैनथच्या शाळेत गणित शिकवायचो. माझी बायको बाळंतपणाला माहेरी गेली तरी तिच्या प्रवासाचं मी एवढं मनावर घेतलं नव्हतं.

सुखदेवराव आदिलाबादच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, तीस वर्षं कापूस तपासायला होते. गाडी आली की हे गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घालत, मूठभर कापूस काढत, सरकी दाताखाली धरत. कट्ट वाजली तर माल कोरडा, नाही वाजली तर ओला. शेतकऱ्यानं रात्री कापसावर पाणी मारलंय का नाही, हे त्यांचे दात सांगत. निवृत्त झाले, पण दात काही निवृत्त झाले नाहीत. माझ्या घरच्या तुरीची डाळसुद्धा त्यांनी चावून "दोन उन्हं कमी हाय" असा निकाल दिला होता. बायकोनं पुढे महिनाभर त्यांना चहा विचारला नाही.

त्या सिगार त्यांच्या मुलानं, दिलीपनं पाठवल्या होत्या. दिलीप दुबईला क्रेन चालवायचा. मुधोळकडचा एक जण सुट्टीवर आला, त्याच्या हाती पंचवीस सिगार आल्या. तो माणूस दारातच सांगून गेला, "काका, हवेत सत्तर टक्के ओल पायजे हिले. नाईतर खराब होते."

बस! सुखदेवरावांची झोप उडाली.

"सत्तर?" ते मला म्हणाले. "मास्तर, सत्तर टक्के ओलीचा कापूस घेऊन कोनी आला असता, तर मी त्याच्या बैलासकट वापस पाठवला असता!"

मी समजावलं की ओल हवेत हवी, मालात नाही. ते ऐकून घेत राहिले आणि मग आत जाऊन त्यांनी एक सिगार चावून पाहिली. तीस वर्षांची सवय! कट्ट वाजलं नाही, म्हणून ओली समजून तिला छपरावर उन्हात टाकली. वैशाखाचं आमच्याकडचं ऊन, पापडसुद्धा दया मागतात. संध्याकाळपर्यंत सिगारचा भुगा. उरल्या चोवीस.

मग मात्र बंदोबस्त झाला. सागाची पेटी आली. तिच्यात उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेली वीट आली. पेटी रांजणाखालच्या ओल्या वाळूत बसली. आत कोपऱ्यात मूठभर कापूस, रोज एक सरकी चावून हवा कळावी म्हणून. त्यांची बायको, आमच्या सुमनकाकू, म्हणायच्या, "माझ्या सांध्याले इतकं तेल लावलं असतं या मानसानं, तर मी पळाली असती आतापर्यंत." उन्हाळ्यात काकू अंगणात झोपत आणि पेटी घरातल्या एकुलत्या एक पंख्यापासून दूर, ओल उडू नये म्हणून, रांजणाच्या थंड कोपऱ्यात.

आता कबूल करतो. मला त्यातली एक हवी होती. जन्मात विडीपलीकडे गेलो नव्हतो, आणि भिंतीपलीकडे चोवीस सिगार आराम करत होत्या! दिवाळीला विचारलं, "झाली का?" म्हणाले, "बसली नाई अजून." संक्रांतीला विचारलं. "बसून राह्यली." अरे, बसून राह्यली की काय, ती काय धरणं धरून बसलीय? पाडव्याला त्यांनी मला व्याख्यानच दिलं, "घाई केली की कापसाची गंजी तापते मास्तर, अन् तापली की पेटते." अधूनमधून ते लांब खाकरत. मला वाटायचं, मोठ्या माणसाचा आव आणतात.

मंडळ ऑफिसातला, म्हणजे तहसील कचेरीतला, राजन्ना संध्याकाळी ओट्यावर येऊन बसे. तेलुगू माणूस, चुट्टा ओढायचा, म्हणजे तंबाखूच्या पानाची वळलेली जाडजूड विडी. पेटीतून येणारा वास घेऊन तो म्हणाला, "सारू, हे तर आमचा चुट्टाच हाय. कागदाचा पट्टा लावला, त् साहेब झाला."

सुखदेवराव दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "त्याले मी एकबी देनार नाई." मी मनात म्हटलं, जणू मला भरवायला चमचा घेऊन बसलात!

असं तीन वर्षं चाललं. गावात त्यांचं नावच पडलं, कंजूस सिगारवाले. मीच पाडलं, खोटं काऊन बोलू? चहाच्या हॉटेलात मी त्यांची नक्कल करायचो, भजं कानाशी नेऊन दाबायचो आणि म्हणायचो, "बसलं नाई अजून." लोक पोट धरून हसायचे.

आणि एका शनिवारी सकाळी ते स्वतः माझ्या दारात. शर्टाचं बटण वरखाली लागलेलं.

"मास्तर, सगळ्या ओढून टाका."

"काय?"

"सिगारी. सगळ्या. आजच. राजन्नालेबी बोलवा."

मला वाटलं, उन्हाचा परिणाम. दुपारी आम्ही सहा जण त्यांच्या अंगणात जमलो. मी, राजन्ना, हॉटेलवाला आणि त्याची तीन गिऱ्हाइकं. सुखदेवरावांनी पेटी आणली आणि लग्नात पंगत वाढावी तसं प्रत्येकापुढे चार-चार सिगार ठेवल्या. स्वतः मात्र पार पलीकडे, वारा येत होता त्या बाजूला जाऊन उभे राहिले.

मी पेटवली. देवा रे! तोंडात ओली गोणी धरल्यासारखं झालं. खाली सरकीचा वास, वर विटेचा. डोळ्यांतून पाणी, नाकातून धूर. राजन्नानं एक झुरका घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. चुट्ट्याची बरोबरी केल्याबद्दल त्याला पश्चात्ताप झालेला दिसत होता, चुट्ट्यासाठी.

"तुम्ही नाही ओढत?" मी ओरडलो.

उत्तर सुमनकाकूंनी दिलं. त्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. "कसे ओढतीन? तीस वर्षं कापसाचा कचरा छातीत गेला. डाक्टरनं सांगून ठेवलं, एक झुरका घ्याल त् मले तोंड दाखवू नका. मायी चूल पेटली की हे बाहेर जाऊन बसतेत."

माझ्या हातातली सिगार तशीच राहिली. ते खाकरणं आव नव्हता तर. तीन वर्षं भिंतीपलीकडून ऐकत होतो आणि नकला करत होतो.

"मग तीन वर्षं सांभाळल्या कशाला? अन् आज घाई कशाची?"

सुखदेवराव जवळ आले नाहीत. तिथूनच बोलले. "उद्या दिलीप येऊन राह्यला. त्याले मी दर पत्रात लिवलं, सनावाराले एक ओढतो म्हनून. उद्या पेटी भरलेली दिसली त् काय सांगू?"

"खरं सांगा. छातीचं सांगा."

"कसं सांगू, मास्तर?" ते म्हणाले. "पोट्टं लहान होतं, तवा माया डबा घेऊन जिनिंगात यायचं. शेठ खुर्चीत बसून असली सिगार ओढे, अन् मी समोर कापूस हातात घेऊन उभा. तीस वर्षं उभाच. पोरानं ते ध्यानात ठेवलं. पहिला पगार झाला त् ह्या सिगारी घेतल्या. चिठ्ठीत एकच ओळ, बाबा, आता तुमी खुर्चीत बसून ओढा. आता त्याले कसं लिहू, की बाबाले धूर चालत नाई?"

हॉटेलवाल्यानं विझलेली सिगार परत पेटवली. मीही पेटवली. घराला वास लागला पाहिजे, राख दिसली पाहिजे, एवढं तर आमच्या हातात होतं. फेकून द्या, असं एकाच्या तोंडून निघालं, तर सुखदेवराव त्याच्या अंगावर धावले, "पोराच्या घामाचा माल हाय तो!" मग आम्ही सहा जणांनी ती गोणी चावत, ठसकत, ओकारी गिळत संपवली. हॉटेलवाल्याचं एक गिऱ्हाईक कुंपणाला धरून ओकलं, पण चौथीपर्यंत आलं.

तेवढ्या वेळात सुखदेवराव कुठे दिसेनात. पाहतो तर ते माझ्याच घरातून माझी टेबलाजवळची खुर्ची उचलून आणत होते. त्यांच्या घरी खुर्ची नव्हती. कुंपणाजवळ, धुरापासून दूर, त्यांनी ती ठेवली, माझ्या वाट्याची शेवटची, अजून न पेटवलेली सिगार बोटांत धरली, पाय उचलून पायावर टाकला आणि बसले.

"हे काय?" मी विचारलं.

"बसून घेतो थोडा वेळ, मंग ही तुमची तुमाले देतो. ओढली म्हनून खोटं सांगाचंच हाय. बसलो म्हनून तरी खरं सांगीन."

दुसऱ्या दिवशी दिलीप आला. बॅग ठेवायच्या आधी त्यानं पेटी उघडली. रिकामी पाहून उंच, काळाभोर, तिशीचा तो बाप्या लहान पोरासारखा हसला.

"बाबा, खुर्चीत बसून ओढल्या ना?"

सुखदेवरावांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"खुर्चीत बसलो होतो, बापा," ते म्हणाले. "इचार मास्तरले."

मी मान हलवली. घसा इतका बसला होता, की बोलणं शक्यच नव्हतं.