आधी जीभ दाखवा

आमच्या घरी आलेल्या माणसाला पाणी नंतर मिळतं, आधी जीभ दाखवावी लागते. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, दारातच तपासतात. लाइटबिल वाटणारा सुटला नाही आणि नणंदेला बघायला आलेला मुलगाही सुटला नाही! बिचारा हातात चहाचा कप धरून जीभ काढून बसला होता. लग्न जमलं, ही त्याची कमाल.

जिभेवर पांढरा थर दिसला, की आत्याबाई म्हणणार, "भूक मेली न्हाई, झोपली हाय. उठवते की!" मग आल्याचा कीस, लिंबू, सैंधव आणि चिमूटभर ओव्याची पूड. जेवणाआधी चमचाभर चघळायचं. अख्ख्या कोल्हार गावात आमच्या बरणीचं नाव आहे. माझे मिस्टर ती नागापूरला कंपनीत नेतात, तिथंही जेवणाच्या सुट्टीत हातोहात रिकामी होते. सांगताना माझीच मान ताठ होते.

आणि नेमकं घरातच घोडं अडलं! मामा, म्हणजे माझे सासरे, ऑपरेशन होऊन घरी आले आणि दोन घासांत ताट सरकवायला लागले. डॉक्टर म्हणाले, जखम भरलीय, आता पोटात अन्न गेलं पाहिजे. आत्याबाईंनी आलं दिलं, ओवा दिला, डाळिंबाचा रस दिला. मामा सुकतच चालले. आत्याबाईंनी लोकांच्या जिभा बघणं सोडलं, तेव्हा मात्र मी घाबरले.

एका दुपारी ताट पुन्हा सरकलं. आत्याबाईंना रडूच कोसळलं. "अवो, खावा की! काय पायजे ते तरी सांगा."

मामा खाली बघत म्हणाले, "दवाखान्यात बरं हुतं. एका डब्यात दोघं जेवायचो. हितं तू ताट ठिवती आन् चुलीकडं जाती."

लग्नापासून आत्याबाई मागूनच जेवत आल्या होत्या. "सूनबाईसमोर? लोक काय म्हनतील?" म्हणाल्या खऱ्या, पण डोक्यावरचा पदर सारखा करून मामांच्याच ताटात जेवायला बसल्या. मामांनी दीड भाकरी खाल्ली. दीड! मी डोळ्यांनी बघितली.

तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. "जेवले व्हय? कशानं?"

आत्याबाई लगबगीनं उठल्या, डोळे पुसले. "आल्यानं!"

मामा भरल्या तोंडानं म्हणाले, "व्हय, व्हय, आल्याचाच गुन हाय."

आल्याची वाटी ताटाशेजारी भरलेलीच होती. आमच्या आत्याबाईंच्या औषधाला कुणी नाव ठेवलेलं मला खपलं नसतं. मी वाटी पदराखाली धरून आत नेली आणि उभ्या उभ्या सगळं आलं खाऊन टाकलं.