बंबवाले मारुतीअण्णा

बेळगावातल्या आमच्या वडगावात कुणाची वास्तुशांत असली की यजमान दोन माणसांची वाट बघत असतात. एक भटजी आणि दुसरे मारुतीअण्णा. भटजी थेट आत जातात. अण्णा रस्त्यावरच थांबतात. डोळ्यांवर हात आडवा धरून, मान मागे टाकून ते नव्या घराकडे बघत राहतात. आतून कुणीतरी 'अण्णा, आत या की वो' म्हणून हाक मारतं. अण्णा हातानेच 'थांबा' म्हणतात. थोडे डावीकडे सरकतात, थोडे उजवीकडे सरकतात आणि मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा निकाल देतात.

"ही गॅलरी चालतीया! हितनं काढता येतंय!"

म्हणजे उद्या या घराला आग लागली, तर या गॅलरीला शिडी लावून माणसं खाली काढता येतील. ऐन वास्तुशांतीला दुसरं कुणी असं बोललं असतं तर त्याला जेवायला वाढलं नसतं. पण अण्णांचा निकाल चांगला लागला की यजमानीणबाई खूश होतात, अण्णांच्या पानात एक जिलेबी जास्त पडते. एकदा एका नव्या अपार्टमेंटपुढे अण्णा बराच वेळ उभे राहिले आणि शेवटी हळहळून म्हणाले, "वायर आडवी आलीया वो. हितं तेवढी आग लावून घेऊ नगासा." त्या बिल्डरनं लाईनमनच्या मागे लागून ती वायर हलवून घेतली.

अण्णांचा धंदा साडीचा. खाली माग, वर घर. आमच्या अगदी समोर. मी इथल्याच शाळेत शिकवते, म्हणून अण्णा आणि त्यांच्या बायको सुमनआक्का, दोघंही मला 'बाई' म्हणतात. दिवसभर अण्णा मागांच्या खडखडाटात असतात, पण त्यांचा जीव असतो पिरनवाडीला. तिथे त्यांच्या वडिलार्जित तुकड्यावर एक पत्र्याची शेड आहे आणि त्या शेडमध्ये तीन जुने आगीचे बंब आहेत. अण्णा त्यांना बंब म्हणत नाहीत. थोरली, मधली आणि धाकटी म्हणतात.

"लोकं शेड बांधून म्हशी पाळत्यात," सुमनआक्का सांगतात. "आमच्यात ह्या पाळल्यात. दूध न्हाय, शेण न्हाय. नुसतं डिझेल पित्यात आणि बसून ऱ्हात्यात."

थोरली निपाणीची. तंबाखूच्या एका मोठ्या वखारीत ती कितीतरी वर्षं धूळ खात पडली होती. पितळी घंटा, लाकडी पायऱ्या आणि नाकापुढे फिरवायचं हँडल. ती घरी आणायची म्हणून अण्णा आमच्या ह्यांना सोबत घेऊन गेले. ह्यांना वाटलं, ट्रकवर घालून आणायची असणार. अण्णा म्हणाले, "नवरी कधी ट्रकवर घालून आणत्यात व्हय?"

मग ती वरात निघाली. हायवेवर सगळ्यात डावीकडून, बैलगाडीच्या चालीनं. संकेश्वर मागे पडलं तेव्हा मोटारसायकलवरची काही पोरं मागे लागली. "कुठं लागलीया, अण्णा?" अण्णा ओरडले, "कुठं न्हाय! घरला चाललोय!" पण बंब म्हटल्यावर असल्या उत्तरावर कोण विश्वास ठेवतो? मोटारसायकली वाढत गेल्या. वंटमुरीच्या घाटात थोरलीच्या नाकातून वाफा यायला लागल्या आणि ती उभी राहिली. अण्णा उतरून एका चहाच्या टपरीवर गेले आणि कळशीभर पाणी मागितलं. टपरीवाला गाडीकडे बघत राहिला, मग अण्णांकडे बघत राहिला.

"बंबालाच पाणी पायजे?"

"तहान लागलीया तिला," अण्णा शांतपणे म्हणाले.

काकतीत पोचेपर्यंत मागे एवढी गर्दी झाली होती की पुढच्या गावातली माणसं घागरी घेऊनच रस्त्यावर आली होती. आमचे हे तेव्हापासून अण्णांबरोबर कुठेही जाताना आधी विचारतात, "काय आणायचं हाय?"

मधली आली हद्दीपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या एका सूतगिरणीतून. तिचे कागद मराठीत, थोरलीचे कानडीत. आरटीओतल्या साहेबांनी दोन्ही फायली समोर ठेवून कपाळाला हात लावला. अण्णा म्हणाले, "साहेब, एका शेडमधी ऱ्हात्यात दोघी. अजून भांडान न्हाय." साहेब हसले आणि शिक्का बसला.

पण अण्णांचं खरं प्रेम धाकटीवर, कारण तिच्या पाठीवर शिडी आहे. हँडल फिरवलं की ती शिडी एकातून एक निघत वर जाते. ती पूर्ण निघाली की अण्णा दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणतात, "उंची बगा, उंची!" हे वाक्य ते नारळाच्या झाडाला म्हणतात, मोबाईलच्या टॉवरला म्हणतात, एकदा आमच्या शाळेत आलेल्या तपासणीस साहेबांनाही म्हणाले. ते साहेब खरंच फार उंच होते.

खंडेनवमीला तिन्ही गाड्यांना आंघोळ, हळदकुंकू आणि बंपरवर खण. गल्लीतल्या आम्हा बायकांना पिरनवाडीला रीतसर आमंत्रण. आक्का वाण देता देता पुटपुटतात, "माझी वटी भराय ह्यास्नी आठवण ऱ्हात न्हाय. सवतीस्नी मात्र खण."

एकदा दोघं भाचीच्या लग्नाला बेंगळुरूला गेले. अण्णा अक्षता पडायच्या आधीच गायब. आक्कांना काही विचारावं लागलं नाही. तिथल्या आगीच्या ठाण्यात एक नवी गाडी आली होती, इमारतींच्याही डोक्यावरून जाईल एवढ्या उंच शिडीची. शिडीच्या टोकाला माणसं उभी राहायला पाळणा. अण्णा सराव संपेपर्यंत वर बघत उभे राहिले आणि मान तिथेच अडकली. गळ्यात पट्टा घालून परत आले. कुणी काळजीनं विचारलं की अभिमानानं सांगायचे, "काय न्हाय. उंची बघून आलोय."

यंदाच्या अग्निशामक सप्ताहात तीच उंच गाडी बेळगावात येणार असं ठरलं. अनगोळच्या मैदानावर प्रात्यक्षिक. इथल्या आगीच्या ठाण्यातले साहेब धारवाडकडचे, मनमिळाऊ. ते स्वतः अण्णांच्या घरी आले. अण्णांच्या तिन्ही गाड्या मैदानात मांडायच्या आणि मान म्हणून अण्णांनी पाळण्यात बसून अगदी वरपर्यंत जायचं. "बर्री अण्णा, बर्री, यायलाच पायजे," साहेब म्हणाले, "तुमच्याशिवाय कोण?"

गल्लीत आनंदीआनंद. कोपऱ्यावर फ्लेक्स लागला. काळा गॉगल, लाल टोपी, मागे आकाशात जाणारी शिडी आणि खाली 'उंचीचा राजा'.

राजा मात्र गप्प झाला. मागांवर लक्ष लागेना. भाकरी अर्धी टाकून उठायला लागला. सकाळी अण्णा आमच्या दारात येऊन विचारायचे, "बाई, पेपरात वाऱ्याचं काय आलंय? वारं लई सुटणार म्हंत्यात." वाऱ्याचं काही आलेलं नव्हतं. मग डॉक्टरांकडे जाऊन साखर तपासून आले. साखर अगदी व्यवस्थित निघाली. इतक्या चांगल्या रिपोर्टवर इतकं उतरलेलं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आनंदानं माणूस असाही होत असेल.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी सगळं वडगाव अनगोळला लोटलं. मी तयार होऊन आक्कांना हाक मारायला गेले. आक्का घरच्याच लुगड्यावर होत्या. हातात मागावरून नुकतीच उतरवलेली भडक लाल साडी.

"मी येत न्हाय," त्या म्हणाल्या. "बाई, तुमी जरा गच्चीवर येतासा? एक टोक धराय माणूस पायजे."

मला काहीच कळेना. "आक्का, आज अण्णांचा एवढा मान, आणि तुम्ही घरात?"

"मी तितं जाऊन खाली हुबी ऱ्हायले, तर ते खाली माझ्याकडं बघत्यात. खाली बघितलं की संपलं." आक्कांनी आवाज बारीक केला. "त्यास्नी उंचीचं भ्या हाय, बाई. लई भ्या हाय."

मी हसलेच. मग आक्कांच्या चेहऱ्याकडे बघून थांबले. आणि आठवायला लागले. धाकटीची शिडी निघाली की हँडल अण्णा फिरवायचे, वर चढायचे ते आमचे हे, नाहीतर मेकॅनिक. अण्णांना शिडीवर मी कधीच बघितलं नव्हतं. स्वतःच्या गच्चीवरसुद्धा ते कठड्यापासून लांब बसायचे.

गच्चीवर जाऊन आम्ही साडीचं एकेक टोक धरून उभ्या राहिलो. अनगोळच्या बाजूला नारळाची झाडं आणि त्यांच्यामागे मैदान. लाऊडस्पीकरचा आवाज अधूनमधून वाऱ्यावर येत होता. आक्का सांगायला लागल्या.

"लगीन होऊन आलते, तवाची गोष्ट. ह्याच जाग्यावर कौलारू घर हुतं. पावसाच्या आधी कौलं फिरवाय हे वर चढले. मी चुलीपाशी. कौलांचा आवाज येत हुता, मग एकदम बंद झाला. लई वेळ झाला तरी काय न्हाय. भायेर येऊन बगते तर हे आढ्याला मिठी मारून बसल्यात. डोळं घट्ट मिटल्यात. हाक मारली तर ओ न्हाय. घरात दुसरं कोण न्हाय. मग मीच कासोटा घातला आणि चढले."

"तुम्ही?"

"मग कोण? जाऊन शेजारी बसले. लगीन नवं, नीट बोलायची पण सवय न्हवती. म्हटलं, खाली बघू नगासा. तिकडं लांब बगा, जांबोटीचं डोंगर दिसूलाल्यात. मग त्यांनी डोळं उघडलं. तसंच डोंगराकडं बघत बसलो दोघं. हाताला हात धरून. गल्लीतनं जाणारी माणसं इचारत हुती, वर काय करूलालासा? मी म्हटलं, हवा खातोय."

आक्का हसायला लागल्या.

"खाली उतरलो. पाय जमिनीला लागल्यावर पैलं काय बोलले ठावं हाय? 'ही शिडी बारकी हाय. मोठी आणली पायजे.' तवापास्नं मोठी मोठी आणूलाल्यात बगा."

तेवढ्यात नारळाच्या शेंड्यांवरून पाळणा वर आला. लांबून एवढासा. आत दोन माणसं, एकाच्या डोक्यावर लाल टोपी. पाळणा हळूहळू चढत होता. मग मध्येच थांबला.

आक्कांच्या हातातलं टोक ताठ झालं. "थांबलं. डोळं मिटलं असणार." आणि मग त्यांनी साडी झटकली. मीही झटकली. ती लाल साडी वाऱ्यानं फुगली, फडफडली. आक्का एवढ्याशा आवाजात बोलत होत्या, जणू ते बाजूच्या खोलीत आहेत. "हिकडं बगा की. खाली न्हाय वो. हिकडं, घराकडं."

पाळणा तसाच. माझे हात भरून आले. आक्का साडी हलवत राहिल्या.

मग ती लाल टोपी फिरली. अनगोळवरून, नारळावरून, आमच्या बाजूला वळली आणि तशीच राहिली. पाळण्यातून एक हात बाहेर आला. आधी थोडासा, मग पूर्ण वर. आक्कांनी तोंडावर पदर धरला. पाळणा पुन्हा चढायला लागला. शिडी संपेपर्यंत चढला. मैदानातून शिट्ट्या, टाळ्या, भोंगा, सगळं एकदम ऐकू आलं.

दिवेलागणीच्या आधी अण्णा थोरलीवर बसून, गळ्यात हार घालून गल्लीत आले. घंटा वाजत होती. लोकांनी गराडा घातला. अण्णांचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला होता. वरून शहापूर कसं दिसतं, पिरनवाडी कशी दिसते, पाळण्यात वारं कसं लागतं. कुणीतरी विचारलं, "भ्या न्हाय वाटलं, अण्णा?"

"भ्या?" अण्णा गॉगल सारखा करत म्हणाले. "कसलं भ्या!"

दारात उभ्या असलेल्या आक्कांचा चेहरा अगदी कोरा. "चहा ठेवलाय," एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

गर्दी पांगल्यावर मला आठवलं, माझा वाचायचा चष्मा गच्चीवरच राहिला. जिना चढून वर गेले तर अण्णा आणि आक्का साडीची घडी घालत होते. दोघांनी दोन टोकं धरली होती. टोकाला टोक जुळवायचं, पुढे यायचं, खालची दुमड उचलायची, पुन्हा पुढे यायचं. विणकराच्या घरातली ती रोजची घडी, पण दोघं सावकाश घालत होते.

"लांबनं बारीक दिसत असंल," आक्का म्हणाल्या.

"न्हाय," अण्णा म्हणाले. "लई मोठं दिसलं."

साडी निम्मी झाली, मग पाव झाली. शेवटच्या घडीला दोघं अगदी समोरासमोर आले. अण्णांनी साडीसकट आक्कांचे हात धरले आणि तसेच उभे राहिले. मी चष्मा उचलायला वाकले, तो फरशीवर खडखडला.

"सोडा आता," आक्का म्हणाल्या, पण हात काही काढून घेतले नाहीत. "बाई बघूलाल्यात."