आक्कांच्या कांडपावरचं बाकडं

सोमवारी सकाळी विश्वजितनं मिरची कांडपासमोरचं लांब बाकडं उचललं आणि मागच्या बोळात नेऊन ठेवलं.

"कशापायी?" आक्कांनी विचारलं.

"थांबणं म्हणजे वाया जाणं, आक्का. आमच्या पुण्याच्या कारखान्यात थांबायला जागाच ठेवत न्हाईत. कंपनी कशी सडपातळ पायजे. चरबी काढायची."

"चरबी असली तर काढ की. आपली कंपनी म्हंजे आठ म्हैन्यांचं पोरगं हाय. त्याला उपाशी ठेवून सडपातळ करतोस व्हय?"

मंगळवार पेठेतल्या या कांडपाची आठ महिन्यांपूर्वी कंपनी झाली होती. कामाला माणसं चार. पहिली मोठी ऑर्डर हातात होती: पुण्याच्या दुकानांसाठी दीडशे किलो कांदा-लसूण चटणी. शनिवारी दुपारी गाडी येणार होती. माल वेळेत गेला तर कंपनी टिकणार, नाहीतर पाटी उतरवून पुन्हा नुसतं कांडप. त्यासाठीच आक्कांचा हा भाचा मोटारींच्या कारखान्यातली नोकरी सोडून आला होता.

मिरची घेऊन आलेल्या बायकांना तो टोकन देऊन घरी पाठवू लागला. मंगळवारी कांडप दवाखान्यासारखं शांत झालं. बुधवारी तीस किलो लसूण आला.

"सोलणार कोण?" विश्वजितनं विचारलं.

"रोज सोलतात त्याच. बाकड्यावरच्या बायका."

आपली मिरची डोळ्यांदेखत कुटून घ्यायची, ही इथली रीत. तासभर बसायचं तर हात रिकामे कशाला, म्हणून बायका आक्कांच्या लसणाची पाटी पुढ्यात ओढायच्या. आत खोबरं करपू लागलं की कामगारांच्या आधी त्यांनाच वास लागायचा. चहा आणि वाटीभर ताजी चटणी एवढ्यावर सगळं चालायचं. विश्वजितनं चरबी समजून काढले ते कंपनीचे हातपाय होते.

गुरुवारी शेजारच्या संयोगितावहिनी डबा घेऊन आल्या. "टोकन आमचं, चटणी भलत्याचीच. मामंजींनी एक घास खाल्ला, सकाळपासनं बोलंनात. तसं बरंच झालं म्हणा, पर आमची चटणी दे."

शुक्रवारी विश्वजित स्वतःच लसूण सोलायला बसला. दुपारपर्यंत दोन किलो झाला आणि बोटं पेटली. मग तो गल्लीत दारोदार फिरला.

"आमी वाया जातोय म्हणं," वहिनी दारातूनच म्हणाल्या.

"चुकलं, वहिनी."

"नुसतं चुकलं न्हाय. बाकडं तू उचलून आणायचंस, च्या तू करायचास, आन् आमच्या बोलण्यात तोंड घालायचं न्हाय."

त्यानं तिन्ही अटी मान्य केल्या. संध्याकाळी बावीस बायका आल्या, शनिवारी सकाळी पुन्हा आल्या. पोती शिवून होताहेत तोच गाडी आली. गाडीतून पुण्याच्या दुकानांच्या कंपनीचे खरेदी अधिकारी नृसिंह गोडबोले उतरले. त्यांनी गर्दी पाहिली.

"इतके लोक बसून? पुढच्या ऑर्डरच्या आधी हे सगळं काढावं लागेल."

आक्कांनी पदर खोचला, पण आधी विश्वजितच बोलला. "न्हाय काढणार, साहेब. तुमची कंपनी चाळीस वर्षांची, आमची आठ म्हैन्यांची. तुमच्या मापाचा सदरा आमाला घालू नका. माल बघा. पटला तर न्या, न्हायतर गाडी मोकळी न्या."

बाकड्यावरचे सगळे हात थांबले. गोडबोल्यांनी चिमूटभर चटणी जिभेवर ठेवली. कपाळावर घाम आला. त्यांनी तो पुसला, आणखी एक चिमूट घेतली आणि कागदावर सही केली.

गाडी भरली. निघता निघता त्यांनी विश्वजितला बाजूला घेतलं. आवाज एकदम खाली आला होता. "आमच्या घरची पाच किलो मिरची ड्रायव्हरबरोबर पाठवली, तर कांडून द्याल का?"

"तुमच्या बाईसाहेबांना पाठवा संगट," विश्वजित म्हणाला. "मिरची एकटी घेत न्हाय आमी."