साडूची फुकटची खाडी

किनाऱ्याकिनाऱ्यानं शिडाची होडी फिरवायची आणि मुक्कामाला फुकटात नांगर टाकायची जागा हुडकायची, या कामात माझा हात धरणारं कुणी नाही! असं मी निघताना बायकोला छातीठोकपणे सांगितलं.

"मग गेल्या सुट्टीत रोज मरीनात का राहिलो?" तिनं विचारलं.

"वारा उलटा होता."

"रोज?"

मरीना म्हणजे होड्यांचा भाड्याचा तळ. तिथं राहणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगतो. होडी बांधायचं भाडं वेगळं, पाण्याचं वेगळं, विजेचं वेगळं, आणि आंघोळीच्या खोलीची किल्ली हवी तर तिची अनामत वेगळी! बांधायचा दोर मात्र आपलाच.

"हे बघा," बायको म्हणाली, "या वेळी एकदा जरी मरीनाचं भाडं भरलंत, तर घरी गेल्यावर होडी विकायची. डुलत झोपायला एवढे पैसे मोजण्यापेक्षा घरचा पलंग काय वाईट आहे?"

ती बोलते तसं करते. माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतो. त्या दुकानाबाहेर मी कुणी असेन, तर तो या होडीवरच! ती विकायची कल्पनासुद्धा मला सहन होत नव्हती.

त्यात साडू. म्हणजे बायकोच्या ताईचा नवरा. मी नवा सोफा घेतला की त्याच्या घरी दोन येतात, फर्निचरचं दुकानच आहे त्याचं. मी होडी घेतली, तर सहा महिन्यांत त्यानंही घेतली! आणि आता तोही याच किनाऱ्यावर फिरत होता. पहिल्याच दिवशी नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो आला. हिरवीगार खाडी, मधोमध त्याची होडी, आणि खाली ओळ: "निवांत जागा. भाडं शून्य!"

मी ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच खाडी. "अजून इथेच!" तिसऱ्या दिवशी ताई टोपी घालून खुर्चीत. "इथून हलावंसंच वाटत नाही!" चौथ्या दिवशी साडू स्वतः, पोट पुढे काढून.

"भाऊजींना बरी सापडतात अशा जागा," बायको म्हणाली. एवढंच म्हणाली. पण 'भाऊजींना' या शब्दावर जो जोर होता, तो माझ्या काळजात रुतला.

इकडे आमची गत काय? पहिल्या जागी मासेमारीची जाळी. दुसऱ्या जागी रात्रभर बोटींची ये-जा, आम्ही बिछान्यातून तीनदा खाली पडलो. तिसऱ्या जागी नांगर धरेचना. पाचव्या दिवशी बायको मरीनाच्या दिव्यांकडे आणि मग माझ्याकडे अशी बघायला लागली, की मला आमच्या होडीची 'विकणे आहे' अशी जाहिरात दिसू लागली.

एवढ्यात एका टेकाडाच्या मागे मला डोलकाठी दिसली. टोकाला नारिंगी झेंडा. साडूचा!

"सापडली!" मी ओरडलो. "त्याच्या शेजारीच नांगर टाकतो!"

"आधी ताईला फोन करून विचारू का, आत पाणी किती आहे ते?"

"खबरदार! विचारलं की मेलो. मग जन्मभर प्रत्येक लग्नात ऐकवेल, 'यांना जागा मी दाखवली.' आपली आपण शोधली म्हणायचं."

भरती ऐन भरात होती. आम्ही झोकात खाडीत शिरलो. आम्हाला बघताच साडू उठला आणि दोन्ही हात हलवायला लागला.

"तिथेच थांबा! जवळ येऊ नका! लांबच थांबा!"

"बघितलंस?" मी बायकोला म्हणालो. "पोटात दुखतंय! खाडी काय याच्या तीर्थरूपांची आहे?"

"अहो, ते काहीतरी सांगतायत."

"सांगू दे!"

आणि मी होडी त्याच्या शेजारी तर नेलीच, पण त्याच्याही चार हात पुढे, किनाऱ्याला जास्त जवळ अशी नेऊन नांगर टाकला. साडूनं कपाळावर हात मारला. त्याला असं हताश झालेलं मी बावीस वर्षांत प्रथमच बघत होतो. जीव कसा थंड झाला!

चहा टाकला. कप हातात घेतला, तर चहा एका बाजूला जायला लागला.

"कप सरळ धरा," बायको म्हणाली.

"सरळच धरलाय!"

"मग आपण वाकडे आहोत."

ओहोटी लागली होती. पाणी असं चाललं होतं, जसं कुणी खालून बूचच काढलंय. आमच्या होडीच्या बुडाला मधोमध एक खोल पातं आहे. ते चिखलात टेकलं आणि होडी सावकाश आडवी व्हायला लागली. पातेली गेली, उशा गेल्या, चष्मे गेले. शेवटी बायको कपाटाच्या दारावर बसली आणि मी तिच्या पायाशी.

खिडकीतून बाहेर बघितलं. साडूची होडी ताठ उभी! तिच्या बुडाला दोन पाती आहेत, दोन पायांवर उभी राहते ती चिखलात. साडू खुर्चीत बसून बिस्कीट खात होता. त्या क्षणी मला जे वाटलं, ते छापण्यासारखं नाही.

थोड्या वेळानं तो गमबूट घालून चिखल तुडवत आला.

"सांगत होतो ना, लांब थांबा म्हणून!"

"आम्ही काय तुमची जागा खाणार होतो?" मी आडव्यानंच विचारलं.

"जागा कसली डोंबलाची! अडकलोय मी इथे! पौर्णिमेच्या उधाणाला आत शिरलो. त्यानंतरची प्रत्येक भरती आधीच्यापेक्षा कमी. त्यात माझी होडी तुमच्यापेक्षा जड, आत सोफे भरलेत; तरंगतच नाही! आता थेट अमावास्येच्या उधाणालाच निघणार."

"मग ते फोटो? ते 'हलावंसंच वाटत नाही'?"

साडू ओशाळला. "तुम्ही बघाल, जळाल आणि धावत याल, असा हिशोब होता. आलात की लांबून दोर टाकून ओढून काढाल. सरळ मदत मागितली असती, तर आला असतात?"

मी विचार केला. नसतो आलो. फोन बंद आहे म्हणून सांगितलं असतं.

"आणि आता आम्ही?" बायकोनं विचारलं.

"तुम्ही तर माझ्याही पुढे आहात," साडू म्हणाला. एरवी हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकायला मी काय वाटेल ते दिलं असतं!

मग साडूच्याच होडीत बैठक बसली. मदत कोण करणार? धाकटा मेहुणा! त्याच्याकडे दणकट इंजिनाची, उथळ बुडाची होडी आहे, आणि तो दातांचा डॉक्टर असल्यामुळे ओढून काढणं रोजचंच.

"फोन लावू?" ताई म्हणाली.

"फोनवर येणार नाही तो," मी आणि साडू एकदम म्हणालो. आयुष्यात आमचं पहिल्यांदाच एकमत झालं.

बायकोनं आमच्या कलंडलेल्या होडीत जाऊन, फोन तेवढाच कलता धरून फोटो काढला. त्यात आमची होडी ताठ आणि साडूची आडवी! मी तो तीन वेळा बघितला. खाली लिहिलं: "आम्हीही इथेच! भाडं शून्य!"

लगेच उत्तर आलं. "मला सोडून मजा करताय? उद्याच येतो!"

आला. आम्ही दोघांनी हात हलवून घसा फोडला. "लांब थांब! जवळ येऊ नकोस!" त्यानं आमच्याकडे बघून तोंड वाकडं केलं आणि आमच्याही पुढे जाऊन नांगर टाकला.

तर सध्या आम्ही तिन्ही कुटुंबं इथेच आहोत. मरीनाला एक पैसा दिलेला नाही, त्यामुळे होडी विकायचा प्रश्न मिटला. विकली तरी घेणाऱ्यानं ती न्यायची कशी? अमावास्येची वाट बघतोय. बाकी काही तक्रार नाही.

फक्त एकच. मेहुण्याची होडी माझ्यापेक्षा कमी कलंडलीय. त्याच्या कपात अर्धा चहा राहतो!