मोडली ती कडक भाकरी

माझ्या मोटारसायकलचा सायलेन्सर दुरुस्त करायचा, तोही घरी आणि स्वतःच्या हातांनी, असं मी एका रविवारी ठरवलं. त्याचं कारण सायलेन्सर नव्हता. कारण माझ्या सासूबाई होत्या.

सासूबाई, म्हणजे निंगव्वा, अक्कलकोटहून आमच्याकडे राहायला आल्या आणि माझ्या घरात काहीतरी शिजायला लागलं. (स्वयंपाक सोडून.) संध्याकाळी ऑफिसातून घरी आलो की टीव्ही बंद, सासूबाईंच्या हातात जपमाळ, बायको सिद्धेश्वरी गॅसपाशी. सगळं कसं नीटनेटकं. इतकं नीटनेटकं घर मी लग्नापासून पाहिलं नव्हतं. शिवाय दोघींच्या तोंडावर नुकतंच हसू पुसल्यासारखं काहीतरी. मी विचारलं, "काय चाललंय?" तर सिद्धेश्वरी म्हणायची, "कुटं काय?" आणि मायलेकी कन्नडमध्ये काहीतरी बोलायच्या. माझं कन्नड 'ऊट आत?'च्या पुढे जात नाही. जेवण झालं का, एवढंच मी विचारू शकतो, आणि त्यावरचं उत्तर मला कळत नाही.

मला वाटलं, मी नसताना या घरात माझ्याविरुद्ध काहीतरी ठरतंय. पण पकडायचं कसं? माझ्या गाडीचा सायलेन्सर इंजिनाजवळ लीक झाला होता. गाडी कोपऱ्यावर आली की फट् फट् आवाज थेट आमच्या स्वयंपाकघरात. म्हणजे चोर पकडायला निघालेल्या पोलिसाने स्वतःच बँड लावून यायचं! तेव्हा आधी आवाज बंद करायचा आणि मग मांजरीच्या पावलांनी घरात शिरायचं, असा माझा बेत होता.

येडू मेकॅनिककडे का नाही गेलो, असं तुम्ही विचाराल. येडूवर माझा विश्वास नाही. तो एक नट आवळताना दुसरा सैल ठेवतो, असा मला दाट संशय आहे. (माझ्याकडे पुरावा नाही. पुरावा ठेवत नाही, इतका तो हुशार आहे.)

अडचण एकच होती. मागे मी मिक्सर दुरुस्त केला होता आणि शेंगांची चटणी छतावर गेली होती. ती अजून तिथेच आहे. त्या दिवशी सिद्धेश्वरीने बजावलं होतं, "आता ह्या घरात तुमच्या हातनं एक जरी वस्तू मोडली, तर तुमचे पाने भंगारात." एरवी मी तेही सोसलं असतं. पण आता घरात सासूबाई होत्या, आणि लग्न ठरताना त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की मुलाला मशिनरीतलं लई कळतं. (ते मीच सांगितलं होतं.) सासूसमोर इज्जतीचा प्रश्न होता.

रविवारी सकाळी मी जिन्याखाली गाडी लावली. मोबाइलवर एक माणूस हसत हसत सायलेन्सर सोडवत होता. त्याचा नट बोटाने फिरत होता. त्याने तो आदल्या दिवशीच सैल करून ठेवला असणार, हे मी तेव्हाच ओळखलं. सायलेन्सर इंजिनाला दोन स्टडांवर बसतो. स्टड म्हणजे इंजिनातून बाहेर आलेला आट्यांचा दांडा, त्यावर नट. माझा नट गंजून दांड्याशी एकजीव झाला होता. मी खोबरेल तेल घातलं. हातोडीने टकटक केलं. मग पान्याला लोखंडी पाइप लावला, पाय भिंतीला टेकवला आणि सारा जोर लावला.

कट्!

नट सुटला म्हणून मला आनंद झाला. नट हातात आला, आणि त्याच्याबरोबर अर्धा स्टडही आला. उरलेला अर्धा इंजिनाच्या आत, अगदी पृष्ठभागाबरोबर. चिमट्यात धरायलाही शेंडा नाही.

"अरे देवा!" मी म्हणालो.

"काय मोडलं ओ?" स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज.

माझ्या डोक्यात त्या क्षणी एकच कट् वाजणारी वस्तू आली. "कडक भाकरी!"

आत डब्याचं झाकण वाजलं. मग, "भाकरीचा डबा तर हितं माझ्यासमोर हाय की."

"खिशात होती एक."

"खिशात?"

थोड्या वेळाने ती बाहेर आली. हातात ताटली, ताटलीत कडक भाकऱ्या आणि चटणी. मी नट मुठीत लपवला. "भूक लागली तर मागायची की. खिशात कशाला?" असं म्हणून ती समोरच उभी राहिली. मी भाकरी मोडली. कट्. प्रत्येक घासाला माझ्या काळजातला एकेक स्टड मोडत होता. दारातून सासूबाई जपमाळ ओढत माझ्याकडे टक लावून बघत होत्या. त्यांना काही कळलं नाही, याबद्दल मला मात्र पक्की खात्री होती.

सोमवारी मी चालत निघालो.

"गाडी?"

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

"कुटल्या डॉक्टरनं?"

"सगळ्याच," मी म्हणालो आणि सटकलो.

संध्याकाळी सात रस्ता चौकापासून घरापर्यंत पाय ओढत येताना एकदम माझ्या लक्षात आलं. गाडी नाही, म्हणजे आवाज नाही! सायलेन्सर न सुधारताच बेत तडीस गेला होता. मी चपला हातात घेतल्या, खिडकीखाली गेलो आणि हळूच डोकं वर काढलं.

आत आळीतल्या बायका दाटीवाटीने बसलेल्या. मध्यभागी माझं हेल्मेट आणि माझा ऑफिसचा शर्ट घालून सासूबाई उभ्या. हातात लाटणं. मधलं सगळं कन्नडमध्ये चाललं होतं, पण माझी भूमिका मराठीत होती.

"सिद्धे, माझा पाना कुटाय?" सासूबाई गुरगुरल्या.

"हातातच हाय की ओ!" माझी बायको.

बायका लोटपोट. सासूबाईंनी भिंतीला पाय लावला, लाटणं ओढलं आणि कनवटीची कडक भाकरी काढून मोडली. कट्! "अरे देवा!"

अगदी माझाच आवाज. मला हसू फुटलं. आपल्याला हसू आलं याचा मला फार राग आला.

तेवढ्यात पाठीमागून कुणीतरी मला कोपराने ढोसलं. शेजारच्या कमलम्मा, हातात चुरमुऱ्यांचं पातेलं. "सरका की थोडं. सुरू झालं व्हय?" मग त्यांनी मला ओळखलं आणि पातेलं हातातून पडलं.

दार उघडलं. सगळ्या बायका मागच्या दाराने पसार. सासूबाईंनी हेल्मेट काढलं आणि तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, "जावईबापू, गाडीचा आवाज न्हाय आला."

"चालत आलं म्हनून असं न सांगता येतं का कोण?" सिद्धेश्वरीही मलाच रागावली.

"मोडलं ते तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"कट् झालं तवाच. भाकरी मोडल्यावर माणूस 'अरे देवा' म्हनत न्हाय."

दुसऱ्या दिवशी तिनेच येडूला बोलावलं. त्याने मोडक्या स्टडाला वेल्डिंगने नट चिकटवून तो बाहेर काढला आणि नवा बसवला. मी गाडी चालू केली. फट् फट् फट्!

"येडू, लीक तसाच आहे!" मी ओरडलो. मला संशय होताच.

"तसाच ठिवलाय साहेब," तो म्हणाला. "वहिनी म्हनल्या, आवाज जाऊ देऊ नका."

पाने मात्र भंगारात गेले नाहीत. बायकोने ते पुसून, तेल लावून, माझ्या हाताशी येतील असे ठेवले. हा बदल मला चांगला वाटला.

आठवड्याअखेर सासूबाई अक्कलकोटला निघाल्या. रिक्षा दारात उभी, पिशवी त्यांच्या हातात. मी पाया पडलो. आता घर पुन्हा माझं होणार म्हणून मन हलकं झालं होतं. त्या भरात मी सिद्धेश्वरीला म्हणालो, "या रविवारी जरा गच्चीवरच्या टाकीचा नळ बघतो."

सासूबाईंनी रिक्षावाल्याला हाताने जा म्हणून सांगितलं, आणि हातातली पिशवी परत आत नेली.