बिनतारी ब्रेक

शहर बससेवेच्या गाड्यांत वायरी फार झाल्या आहेत, ही गंभीर बाब वरिष्ठांच्या निदर्शनास आली. सबब सर्व वायरी काढून टाकाव्यात आणि किल्ली, भोंगा, दिवे व ब्रेक यांनी यापुढे परस्परांशी बिनतारी संपर्क साधावा, असा आदेश निघाला.

"साहेब, ब्रेक लागेल ना?" ड्रायव्हर आप्पांनी विचारलं.

"लागेल म्हणजे काय! सिग्नल मिळाला की लगेच."

"आणि नाही मिळाला तर?"

"तर तशी सूचना पडद्यावर येईल," साहेब म्हणाले. सूचना येणार म्हटल्यावर माणसानं आणखी काय मागावं?

त्या दिवशी आप्पांची बायको स्टॉपवर पिशवी घेऊन उभी होती. मागच्या वेळी तिला बहिणीकडे न्यायचं आप्पा साफ विसरले होते, त्यामुळे आज चुकून चालणार नव्हतं. आप्पांनी ब्रेक दाबला. पडदा उजळला: 'आपण रांगेत आहात. कृपया प्रतीक्षा करा.'

बस रमतगमत बायकोसमोरून निघून गेली. किल्ली फिरवून पाहिली, तर तीही रांगेत.

आप्पांनी घाबरून साहेबांना फोन लावला. "गाडी थांबत नाहीये हो!"

"प्रवासी मोबाईल वापरतायत?"

"सगळेच."

"मग यंत्रणा निर्दोष आहे. लहरी तेवढ्या पुरत नाहीत. मोबाईल बंद करायला सांगा. आणि तुम्हीही ठेवा आता, तुमच्यामुळेच अडथळा होतोय."

कंडक्टरनं घसा फोडून सांगितलं. बंद करायला हवेत, यावर सगळ्यांचं एकमत झालं. "आधी त्यांना सांगा," खिडकीजवळचे म्हणाले. "गाडी थांबत नाही हेच तर घरी कळवतोय," मागचे म्हणाले. एका आजोबांची तक्रार निम्मी पाठवून झाली होती.

फेरी मारून बस पुन्हा स्टॉपजवळ आली, तेवढ्यात आप्पांचाच फोन वाजला. बायको! उचलला तर ब्रेक लागणार नाही, न उचलला तर घरात पाऊल टाकता येणार नाही. आप्पांनी उचलला.

"मला बघून पुढे जाता? आता जाऊनच दाखवा!" आणि ती कमरेवर हात ठेवून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

"अगं, बाजूला हो! अहो, बंद करा रे ते मोबाईल, पाया पडतो तुमच्या!" आप्पा ओरडले.

बसमधले सगळे ताडकन उठले, पुढे धावले आणि त्यांनी आपापले मोबाईल काचेसमोर धरले.

तुम्ही असतात, तर नक्कीच बंद केला असतात. एवढं शूटिंग झालं की लगेच.