कारल्याचे सरबत आणि हंसाबाईंची व्यापारविद्येवर स्वारी

श्रीगणरायास वंदन, श्रीलक्ष्मीस वंदन, आणि सरस्वतीस दोनदा, कारण अडलेले काम तिजपाशी होते. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, चैत्रमास. ते समयी एका राज्यात मंडप-खुर्च्यांचे सरदार निंबाजीराव नांदत होते, आणि त्यांची कन्या हंसाबाई, वय वर्षे सतरा, अकरावीचा किल्ला सर करून बारावीच्या पायथ्याशी आली, आणि भर पंगतीत बोलती जाहली की, "आबा, आम्ही व्यापारविद्या शिकणार, थोरल्या महाविद्यालयात." सरदारांनी भाताचा घास खाली ठेविला आणि आज्ञा केली, "शिका. मात्र प्रवेश न मिळाला तर काकांच्या गोदामात जन्मभर खुर्च्या पुसाव्या लागतील." मग क्लासवाले त्रिंबकशास्त्री नेमिले, त्यांनी 'नेतृत्व' या एका शब्दाच्या चौदा व्याख्या पाठ करविल्या, आणि हंसाबाईंनी शिक्का करविला, त्यावर 'संस्थापक' ऐसे कोरविले, स्थापिले काय, हे कोणासही ठाऊक नव्हते.

इतक्यात पाठशाळेची जत्रा आली. हंसाबाईंनी ठेला मांडिला, कारल्याच्या आरोग्यदायी सरबताचे चार हंडे भरविले, आणि वर्गमित्र कुशाबा, जो त्यांची एकुलती एक फौज, त्यास उन्हात फलक धरून उभे केले. पहिला पेला मुख्याध्यापकांनी कर्तव्य म्हणून घेतला आणि ते दोन दिवस रजेवर गेले. दुसरा पेला कोणी घेतला नाही. कुशाबा म्हणाला, "हंसे, लिंबू तरी पिळू." बाई गरजल्या, "संस्थापक कोण? तू की मी?" मग कुशाबाने फलक भिंतीस टेकविला आणि तो घरी निघून गेला, आणि हंसाबाई चार हंड्यांसह एकट्या उरल्या.

पाठशाळेच्या फाटकाबाहेर चिंधाबाई तीस वर्षे ताक विकीत असे. तिचा माठ दुपारीच रिता जाहला होता. हंसाबाई तिजपाशी जाऊन रडकुंडीस येऊन पुसत्या जाहल्या, "मावशी, तुमचे संपले, आमचे का पडून?"

"बाय, हे प्यायचं का, असं कुणाला इचारलंस?"

"त्रिंबकशास्त्र्यांस विचारिले."

"मग त्यांनाच पाज की."

हा घाव वर्मी बसला. सुटी लागताच हंसाबाई चिंधाबाईपाशी ताक घुसळू लागल्या, आणि गिऱ्हाइकास आले हवे की जिरे हे पुसू लागल्या, आणि नकार ऐकून तोंड वाकडे न करण्यास शिकल्या, आणि गणिताशी जे पिढीजात वैर होते तेथेही शेकडेवारीपुरता तह केला. सरदारांस ही खबर लागली तेव्हा ते कडाडले, "आमची कन्या रस्त्यावर ताक विकते?" कन्या म्हणाली, "विकते, आबा. तुम्हांस आले घालू की जिरे?" सरदार एक आल्याचा आणि एक जिऱ्याचा, ऐसे दोन पेले प्याले. मग एके सकाळी हंसाबाई मान खाली घालून कुशाबाच्या दारी गेल्या आणि म्हणाल्या, "चुकले माझे. लिंबू पिळायला हवे होते." कुशाबाने अर्धी घटका आढेवेढे घेतले, तितका त्याचा हक्कच होता, आणि मग दोघे बारावीच्या अभ्यासास एकत्र बसू लागले.

वर्ष लोटले. महाविद्यालयात तीन पंडित मुलाखतीस बसले आणि त्यांनी सवाल टाकिला, "नेतृत्व म्हणजे काय?" हंसाबाईंस चौदांपैकी एकही व्याख्या आठवेना, आणि गोदाम डोळ्यांपुढे आले. मग त्या म्हणाल्या, "माझ्या हाताखाली एकच माणूस होता. मी त्याचे ऐकिले नाही, तो सोडून गेला. मी माफी मागितली, तो परत आला. याहून जास्त मला अजून ठाऊक नाही."

वृद्ध पंडितांनी पुसिले, "तो हल्ली कोठे असतो?"

"बाहेर बाकावर बसला आहे. माझ्यामागे त्याचाच नंबर."

यादी लागली, तीत बेचाळीस नावे. कुशाबा सातवा, हंसाबाई एकेचाळिसाव्या. सरदारांनी तरीही ताशे वाजविले.

ऐसे हे वर्तमान. व्यापार शिकू म्हणणाऱ्या मुलांनी माणसांस विचारावे, नकार पचवावा, गणिताशी तह राखावा आणि मित्राची माफी वेळेत मागावी. उरलेले महाविद्यालयात शिकवितात, निदान ऐसी वदंता आहे.